जुन्या थरावर नवा रंग

शास्त्रपाठ : यहेज्केल १३:१०-१५

यहेज्केल संदेष्ट्याने ज्या भिंतीविषयी सांगितले, ती खेड्यातील माणसास अनोळखी नाही. भिंत कच्ची, वरून चुन्याचा हात. पाऊस येताच दोन्ही भुईसपाट. हा पाठ मी पुष्कळदा उपदेशास घेतला, परंतु तो मला समजला तालुक्याच्या एका गॅरेजात.

आमच्या विभागाची एक जुनी जीप. कोणे एके काळी कोणी तरी तिला दारे-खिडक्यांचा सिंथेटिक इनॅमल ब्रशाने फासला होता. उपकारस्तुतीच्या सणास पाहुणे यावयाचे, म्हणून तिला रंग देण्याची मला घाई झाली. रंगारी म्हणाला, "पाळकसाहेब, जुना रंग पत्र्यापर्यंत काढावा लागेल. आठ दिवस द्या." मी म्हणालो, "वरवर घासून मारा. परवा गाडी हवी." त्याने मजकडे एकवार पाहिले आणि फवारणीस आरंभ केला. ओला असता रंग असा चमकला की त्यात माझे तोंड दिसले. मग बघता बघता दारावर सुरकुत्या उठल्या, फार वेळ पाण्यात भिजलेल्या बोटांसारख्या, आणि पोपडे सुटू लागले.

नवा रंग वाईट होता काय? मुळीच नाही. तो सेल्युलोजचा होता. त्यास गॅरेजात अजून ड्युको म्हणतात. हे नाव ड्यू पाँट कंपनीच्या रंगाचे. १९२३ साली तो अमेरिकेत मोटारींसाठी आला, आणि ज्या रंगकामास आठवडे लागत, ते दिवसांवर आले. ड्युको वाळतो तो केवळ थिनर उडून गेल्याने. इनॅमल हवेतील प्राणवायू घेऊन वाळतो, व त्याची आतून जाळी विणली जाते. ड्युकोचे थिनर जहाल. ते त्या जाळीत शिरते, तिला फुगविते, पत्र्यापासून सोडविते. उलट क्रम केला, म्हणजे वाळलेल्या ड्युकोवर इनॅमल दिला, तर त्यातील सौम्य टर्पेंटाइन खालच्या थरास सहसा डिवचीत नाही. तेव्हा नवा रंग जोरकस असला म्हणजे तो खालचा थर झाकीत नाही, तर त्यास जागा करतो. मी मात्र उलटच समजून होतो.

त्याच वर्षी मी दोन वस्त्यांच्या मंडळ्या एक केल्या होत्या. सर्वांस एका उपासनेत बसविले, एका प्याल्यातून प्रभुभोजन दिले आणि तसा अहवालही धाडला. बाप्तिस्म्यापूर्वीचा जातिभेद आता उरला नाही, असे मीच व्यासपीठावरून सांगितले. पुढे एका वस्तीतील मुलासाठी दुसऱ्या वस्तीतील मुलीस मागणी गेली, आणि आठ दिवसांत दोन्हीकडील लोक वेगवेगळ्या दारांनी मंदिरात येऊ लागले. प्रभुभोजनाने हा भेद उत्पन्न केला नाही. त्याने तो वर आणला. दोष भोजनाचा नव्हता, घाई करणाऱ्या पाळकाचा होता.

रंगाऱ्याने मग मला एक रीत दाखविली, ती उपदेशकांनी ध्यानात ठेवावी. बॉनेटच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेवर थिनरचा बोळा थोडा वेळ धरावा. रंग विरघळून कापडास लागला तर तो ड्युको. मऊ पडून सुरकुतला तर इनॅमल. काहीच न झाले तर बहुधा हार्डनर मिसळून दिलेला पक्का रंग. ही परीक्षा दारावर, दहा जणांदेखत करावयाची नसते. (आपण मात्र कोणाचा दोष पाहावयाचा झाला की त्यास भर सभेत उभे करतो.) जुना थर घट्ट बसलेला असेल तर मध्ये सीलरचा एक हात देऊनही भागते. सुटलेल्या थरावर सीलर देणे म्हणजे पुन्हा ती यहेज्केलाची भिंत.

आमच्या जीपचा रंग शेवटी खरवडूनच काढावा लागला. उघडा पत्रा रात्रभर तसाच ठेवू नये. दमट हवेत तो सकाळपर्यंत गंज धरतो, म्हणून प्रायमर त्याच दिवशी हवा. झाडून रिकाम्या ठेवलेल्या घराविषयी प्रभूने जे सांगितले (मत्तय १२), ते मला तेथे आठवले.

जीपला अकरा दिवस लागले. सणास पाहुणे एस.टी.ने आले. मंडळीचे काम अद्याप चालू आहे. उपदेशक व मी संध्याकाळी घरोघर जाऊन बसतो, फार बोलत नाही, ऐकतो. गेल्या आठवड्यात त्या मुलीच्या आजीने, जी तेव्हापासून मजशी बोलली नव्हती, आपल्या लहानपणी दुसऱ्या वस्तीच्या विहिरीवर काय घडले ते सांगितले. मुलाचा बाप त्या वेळी ओट्यावरच होता. तो उठून गेला नाही.