अंगण वाकडे असते तेव्हा

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपल्याकडे इतक्या वेळा उच्चारली जाते की, एखादे अंगण खरोखरीच वाकडे असू शकेल हा विचार सहसा कोणाच्या मनास शिवत नाही. दोष साधनाचा की साधकाचा, हा वाद तिने चौकशीवाचूनच निकालात काढला आहे. (आम्हां शिक्षकांस ही म्हण विशेष प्रिय, कारण सांगावयास नकोच.) ती चौकशी करू म्हटले तर पूल किंवा बिलियर्ड खेळावयाच्या काठीइतके, म्हणजे क्यूइतके, सोयीचे उदाहरण मिळणे कठीण.

या काठीच्या टोकास कातड्याची एक चकती चिकटविलेली असते. तिला टिप म्हणतात. पुलाच्या क्यूवर तिची रुंदी सुमारे १३ मिलिमीटर. चेंडूस स्पर्श काय तो तिचाच, आणि तोही सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. पूर्वी हे टोक उघड्या लाकडाचे असे, व चेंडूच्या मध्यापासून जरा बाजूस मारू गेल्यास निसटे. त्यावर कातडे बसविण्याचे श्रेय १९व्या शतकाच्या आरंभीच्या फ्रान्स्वा मिंगो या फ्रेंच गृहस्थास देतात. त्यायोगे चेंडूस हवी तशी फिरकी देता येऊ लागली, व या खेळाचे बहुतेक सौंदर्य त्या फिरकीतच आहे. म्हणजे सारे कौशल्य ज्याच्यावर उभे, तेच काठीचे सर्वांत नाशवंत अंग! ठोके खाऊन टिप दबते, तिची कड भूछत्राप्रमाणे बाहेर पसरते, पृष्ठभाग गुळगुळीत होऊन खडू धरीनासा होतो. कधी कातड्याचे पदरही सुटतात.

उपाय अवघड नाही. पसरलेली कड पॉलिश पेपरने उतरवावी, माथा किंचित खरखरीत करून नाण्याच्या कडेशी ताडून गोल करावा. पदर सुटले असतील तर मात्र जुनी टिप काढून नवी चिकटवावी. परंतु पुष्कळ खेळाडू हे करीत नाहीत. ते खडू अधिक घासतात, कडेचे फटके टाळतात, आणि हळूहळू त्यांचा हात त्या व्यंगाशी इतका जुळवून घेतो की, नवी टिप बसविताच फटके चुकू लागतात आणि बोल लागतो तो नव्या टिपेला. ही जुळवणूक म्हणजेही एक प्रकारचे कौशल्यच, हे मी नाकारीत नाही. पण असा खेळाडू आपल्या अंगणाविषयी साक्ष देण्यास अपात्र ठरतो, कारण त्याला ते सरळच दिसते.

निसटलेला फटका कोणामुळे निसटला, हे खेळ विचारीत नाही. चेंडू खिशात पडला नाही की पाळी गेली. ज्याची काठी स्वतःची आहे, त्याच्या बाबतीत हे न्याय्यच, कारण टिप पाहून घेणे त्याच्याच हाती होते. क्लबातील सामाईक काठ्यांची गोष्ट निराळी. जाणता सभासद चार क्यूंची टोके पाहतो, चिरलेली टिप असलेला क्यू मुकाट्याने पुन्हा फळीवर ठेवतो आणि चांगला उचलतो. त्याने काही नियम मोडलेला नाही. मग एखादा नवशिका तोच टाकलेला क्यू घेतो, दहा फटके निसटतात, आणि आपल्या अंगी ही कलाच नाही असे समजून तो घरी जातो. टिपेला चीर आहे, हे त्या दालनात ज्या एकाच गृहस्थाला ठाऊक, तोच पुष्कळदा जाताजाता हसून त्याला ती म्हण ऐकवितो.