लेकीचा वाटा

तरणं पोर गेलेल्या घरी भेटायला गेलं की आमच्या बीदर-भालकीकडचा बाप फारसा रडत नाही. तो हिशेब सांगतो. पोरानं आडत कशी मांडली, तुरीचा भाव पडला त्या वर्षी माल कसा धरून ठेवला, थोरल्या बहिणीच्या लग्नाचं देणं कसं परस्पर फेडलं आणि घरात कुणाला कळूही दिलं नाही. माजघरात आईचं बोलणं वेगळं असतं. त्याला काय आवडायचं, कशावरून रुसायचा, असं काहीबाही. पण तीही फिरून ‘हाताला उसंत नव्हती माझ्या लेकराच्या’ इथंच येते. लांबून आलेल्या पाहुण्याला हे चमत्कारिक वाटतं. पोर गेलंय आणि आठवण काय, तर त्यानं केलेल्या कामांची यादी! यात माया कुठं आहे?

मला त्यात मायाच दिसते. आणि तीही जरा खोलातली. नाकडोळे, आवाज, हट्ट, रागाची तऱ्हा हे सगळं पोराला घरातूनच मिळालेलं असतं; आरशात पाहिलं तरी बापाला त्यातलं निम्मं दिसतं. पण पोरानं स्वतःच्या डोक्यानं जे मांडलं, ते बापानं दिलेलं नसतं. बऱ्याचदा बापाचा त्याला विरोधच असतो. पोर आपल्यापेक्षा वेगळं, स्वतंत्र माणूस होतं याचा एवढाच पुरावा हाती उरतो, म्हणून आईबाप तो पुनःपुन्हा मोजतात. शिवाय आमच्या मुलखाला ही रीत जुनीच आहे. बसवकल्याण आमच्याच जिल्ह्यात. बाराव्या शतकात तिथल्या शरणांनी कष्टाच्या कामाला कायक म्हटलं आणि पूजेच्या बरोबरीला बसवलं. मडिवाळ माचय्या परीट, अंबिगर चौडय्या नावाडी, नुलिय चंदय्या दोर वळणारा. आठशे-नऊशे वर्षं झाली तरी माणसं त्यांच्या धंद्यासकट लक्षात आहेत.

पण एक अडचण उरते. पोराचं काम आणि आईबापाचं काम एकच असेल तर? पोर आईच्याच संस्थेत राबलं, तिच्याच ध्येयासाठी झिजलं, तर त्याचा वाटा वेगळा कसा काढायचा? या प्रश्नाशी आलो की मला दर वेळी पंडिता रमाबाई आणि त्यांची मनोरमा आठवतात.

रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला केडगावी वारल्या, हे पुष्कळांना ठाऊक असतं. त्याच्या जेमतेम नऊ महिने आधी, १९२१ च्या जुलैत, त्यांची एकुलती एक मुलगी गेली, तेव्हा तिचं वय चाळीस होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आणि गुलबर्ग्यात मुलींची शाळा उभी करण्यात त्या मुलीचा हात होता, हे तर आमच्या भागातही क्वचितच कुणाच्या बोलण्यात येतं.

मनोरमा जन्मली १६ एप्रिल १८८१ ला, पार आसामच्या कचारकडं. वडील बिपिनबिहारी मेधावी, बंगाली वकील. ती वर्षाचीही झाली नव्हती तेव्हा ते पटकीनं गेले. त्याआधी रमाबाईंनी आई, वडील, थोरली बहीण दुष्काळात गमावली होती. पायी देश हिंडताना सोबत असलेला भाऊ श्रीनिवासही १८८० मध्ये गेला होता. थोडक्यात, बावीस-तेविसाव्या वर्षी या बाईच्या रक्ताचं म्हणून जगात एक तान्ही मुलगी तेवढी राहिली होती. तिला घेऊन त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढं साक्ष दिली आणि १८८३ मध्ये दोन वर्षांच्या मनोरमेसह बोटीत बसून इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या मठात दोघींचा बाप्तिस्मा झाला.

तिथून एक भांडण सुरू झालं, ते या निबंधाच्या दृष्टीनं फार महत्त्वाचं आहे. मठातल्या सिस्टर जेराल्डिनचा मनोरमेवर जीव होता. मुलीची ती ‘आजीबाई’च झाली होती. पण मुलीला धर्मातलं नेमकं काय शिकवायचं, यावरून रमाबाई आणि मठ यांच्यात ठिणग्या उडाल्या. जे तत्त्व मला पटलेलं नाही ते माझ्या मुलीला शिकवायचं नाही, असा रमाबाईंचा खडा पवित्रा होता. मुलगी आपल्या माणसांत वाढावी, त्यांना परकी आणि त्यांच्याहून वरचढ होऊन परत येऊ नये, हाही त्यांचा आग्रह होता. या वादाचा पत्रव्यवहार ए. बी. शहांनी संपादित केला आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं छापला. तो वाचताना मला आईचं कौतुक वाटतं आणि थोडी धास्तीही वाटते. लेकीच्या डोक्यात काय जावं याचा हक्क जी बाई आख्ख्या मठाला देत नाही, ती उद्या लेकीला स्वतःचं डोकं वापरू देईल का? मोठ्या माणसांची मुलं बहुधा इथंच गुदमरतात.

मनोरमेचं तसं झालेलं दिसत नाही. मुंबई विद्यापीठाची बी. ए., अमेरिकेतलं शिक्षण, मग आईच्या कामात उडी. आईनं काढलेल्या शारदा सदनाची ती मुख्याध्यापिका झाली. १९०० च्या आसपासचं केडगावचं मुक्ती सदन म्हणजे दुष्काळातून उचलून आणलेल्या दोनएक हजार मुली-बायांचं गावच होतं. शेती, दूध, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळं बायकांच्या हाती. त्यात आंधळ्या मुली होत्या. त्यांना ब्रेल शिकवायचं काम मनोरमेनं अंगावर घेतलं. रमाबाईंना भाषा किती येत होत्या याची यादी आपण पाठ करतो; पण बोटांनी वाचायची ही लिपी मुक्तीत शिकवली लेकीनं.

यादी करायची म्हटली तर आणखीही काही सापडेल. पण मला थांबायचंय ते गुलबर्ग्यापाशी.

पुण्याहून निघालेली गाडी केडगाव, दौंड, सोलापूर करत गुलबर्ग्याला आणि पुढं वाडी-रायचूरला जाते. १८७१ पासूनचा हा लोहमार्ग. सोलापूर मागं पडलं की तेव्हा निजामाचा मुलूख लागायचा. कचेरीत उर्दू, घरात कन्नड, बाजारात जिभेवर येईल ती भाषा. मराठी आणि तेलुगूही त्यातच. आमच्या बाजारात आजही साधारण तेच चालतं. मुलींच्या शिक्षणाच्या नावानं अंधार असलेल्या या जिल्ह्यात १९१२ च्या सुमारास रमाबाईंनी मनोरमेच्या साथीनं ख्रिस्ती हायस्कूल उभं केलं.

यातला ‘साथीनं’ हा भाग जरा उलगडून पाहावा लागेल. रमाबाईंची श्रवणशक्ती तरुणपणीच अधू झाली होती. इंग्लंडमध्ये डॉक्टर होण्याचा बेत त्यामुळंच सोडावा लागला. १९१२ मध्ये त्या चौपन्न वर्षांच्या होत्या आणि बायबलच्या मराठी भाषांतरात बुडालेल्या होत्या. हिब्रू आणि ग्रीकमधून थेट, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. केडगावला आलेल्या दुष्काळातल्या मुलींच्या मागं विचारणारं कुणी उरलेलं नसायचं. संस्था हेच घर आणि रमाबाई हीच आई. परक्या संस्थानातल्या गावात शाळा काढायची म्हणजे प्रकार वेगळा. जागा, परवानग्या, शिक्षिका, गावातले मातब्बर, त्यांचे संशय. आणि रमाबाईंचं नाव म्हणजे नुसता आदर नव्हे, १८९३ पासूनचं धर्मांतराचं वादळही त्या नावाबरोबर गावात शिरणार. शंभर माणसांचं ऐकून घ्यायचं, हसतमुखानं ऐकून घ्यायचं, असं हे काम. ऐकू कमी येणाऱ्या आईला ते झेपणारं नव्हतं. म्हणून मी म्हणतो की केडगाव आईनं उभं केलं आणि लेकीनं सांभाळलं, पण गुलबर्ग्यात ही वाटणी बरीचशी उलटी असणार.

आणखी एक गोष्ट. रमाबाईंचा जन्म कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. त्या काही महिन्यांच्या असताना त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी ते घर सोडलं. वेताच्या पेटाऱ्यात घालून तान्ह्या रमेला डोंगराखाली उतरवलं होतं. त्यानंतर या घराण्याच्या नशिबी वणवणच आली. त्या मुलीच्या मुलीनं कन्नड मुलखात शाळा चालवावी, याला योगायोग म्हणा किंवा काहीही म्हणा.

१९२० मध्ये रमाबाईंची तब्येत ढासळली आणि संस्थेचा भार मनोरमेनं उचलायचा, असं त्यांनी ठरवलं. पुढच्याच वर्षी मनोरमा गेली. आईची एकाच दिवशी तीन माणसं गेली: लेक, सहकारी आणि वारस. यांतल्या कोणत्या माणसासाठी आधी रडायचं? आपल्याकडं या तिघींना वेगळं करत नाहीत. ‘रमाबाईंवर अखेरचा आघात झाला’ या एका वाक्यात सगळं आटोपतं.

पोर गेल्यावर त्याच्या नावानं काम उभं करणारे आईबाप जगात पुष्कळ आहेत. कॅलिफोर्नियाच्या स्टॅनफर्ड दांपत्याचा पंधरा वर्षांचा मुलगा १८८४ मध्ये फ्लॉरेन्सला वारला. त्याच्या नावाचं विद्यापीठ १८९१ मध्ये सुरू झालं. मुलाला काम करायला आयुष्यच मिळालं नव्हतं, म्हणून ते आईबापांनी केलं. रमाबाईंच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशींचं बाळ तर दहाच दिवस जगलं. त्या दुःखातून निघालेल्या आनंदीबाई ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. तो सोहळा पाहायला रमाबाई इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या, सोबत पाच वर्षांची होऊ घातलेली मनोरमा होती. तीन वर्षांनी, मार्चच्या त्याच अकरा तारखेला, मुंबईत शारदा सदन उघडलं. या गोष्टी सांगायला सोप्या आहेत, कारण त्यांत पोर आणि काम यांची सरमिसळ नाही. गेलेलं पोर एका बाजूला आणि त्याच्यासाठी केलेलं काम दुसऱ्या बाजूला. रमाबाईंना ती सोय नव्हती. त्यांना लेकीच्या स्मरणार्थ काही नवं काढायचं कारणच नव्हतं; वर्गात, छापखान्यात, आंधळ्या मुलींच्या खोलीत, जिकडं वळावं तिकडं लेकीनं हात लावलेलं काही ना काही होतंच. असं घर आधार देतं की जाच करतं, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मला वाटतं, दोन्ही.

उरलेल्या नऊ महिन्यांत रमाबाईंनी भाषांतराची मुद्रितं तपासली. चरित्रकार याला धीरोदात्तपणा म्हणतात, भक्त याला ईश्वरी कृपा म्हणतात. मला त्यात साधा हिशेब दिसतो. या दोघींच्या कामातला अर्धा वाटा आईचा होता, आणि तो पुरा करणं तिच्या हातात होतं. तो तिनं केला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं, तेव्हा दोघीही नव्हत्या. लेकीचा अर्धा वाटा पुरा करणं आईच्याही हातचं नव्हतं. संस्था पुढं लिसा हेस्टी यांनी सांभाळली, आणि मुक्ती आजही चालू आहे.

आमच्या शाळांत आणि वर्तमानपत्रांत रमाबाईंची जयंती-पुण्यतिथी अधूनमधून होते. हैदराबाद संस्थानातल्या शिक्षणाचा विषय निघाला की कुणीतरी ‘रमाबाईंनी गुलबर्ग्यातही हायस्कूल काढलं’ असं बोलून जातं. ऐकायला ते बरोबर वाटतं. पण ज्या आईनं मठाशी वर्षानुवर्षं वाद घातला तो लेकीच्या मनावर दुसऱ्याचा शिक्का बसू नये म्हणून. त्याच आईचा शिक्का आपण लेकीच्या सगळ्या आयुष्यावर मारून मोकळे होतो. निदान गुलबर्ग्याच्या वाक्यात तरी रमाबाईंच्या शेजारी मनोरमेचं नाव घालायला हरकत नसावी. आपल्या जिल्ह्यांच्या इतिहासापुरतं ते आपल्या हातात आहे.