प्रेरणेचा नळ

प्रेरणा कुठून येते, हा प्रश्न आम्हा कारकून मंडळींना पडत नाही. आमची प्रेरणा दर महिनाअखेर पगाराच्या रूपाने खात्यात जमा होते. चित्रकाराचं तसं नाही. त्याने म्हणे केस वाढवून खिडकीशी बसायचं, चहा गार होऊ द्यायचा, मग ती येणार. वाटलं तर.

शहापूरकडच्या एका पाड्यावर एका वारली चित्रकाराचा 'स्टुडिओ' पाहण्याचा योग आला. स्टुडिओ म्हणजे शेणाने सारवलेली पडवी. गेरू दिलेलं कापड, वाटीत तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. बस्स!

"तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते हो?" मी विचारलं.

"लगीन ठरलं का चौक लिहायलाच लागतो, साहेब."

घ्या! म्हणजे मुहूर्त ठरला की प्रेरणेने निमूट हजर व्हायचं. आणि हा लग्नाचा चौक परंपरेने लिहायच्या सवाशिणी. खाली सही कुणाचीच नाही.

पुढे १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णींनी या मंडळींच्या हाती कागद दिला. डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांनी त्यावर आपला संसार उभा केला. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कष्टाचं फळ ते, त्याबद्दल दुमत नाही. पण आज वारली माणसं कपांवर, चादरींवर, झब्ब्यांवर तारपा नाचतात, त्याचे पैसे कुणाला? "ही तर लोककला, सगळ्यांची!" असं म्हणणारा ते बिनदिक्कत स्वतःच्या खिशात टाकतो.

वाणिज्य शाखेत मी एवढंच शिकलो, की जमा झालेली रक्कम कुणाच्या तरी नावावर दाखवावी लागते. धनी सापडेना, तर ती उचंत खात्यात ठेवतात. 'धनी नाही, सबब माझी' असं म्हणणाऱ्याला आमच्याकडे निलंबित करतात. कलेच्या बाजारात त्याला डिझायनर म्हणतात.

शहापूरला हे नवीन नाही. तानसा, भातसा याच तालुक्यातली. त्यांच्यावर मुंबईचे नळ वाहतात आणि उन्हाळ्यात पाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन पायपीट करतात. धरण उशाला, कोरड घशाला!

तेव्हा प्रेरणा फुकट असते म्हणणाऱ्याने एकदा आपलं पाण्याचं बिल बघावं. त्यात पाइपाचे पैसे असतात, मीटरचे असतात. झऱ्याचा रकाना तेवढा छापायचा राहून गेलाय.