शुश्रूषा

मी भातगिरणीतला माणूस. दिवस कोंड्यात जातो, रात्री कविता करतो. तत्त्वज्ञान मला कोणी शिकवलेलं नाही. पण गेल्या पावसाळ्यापासून एक प्रश्न घशात अडकलाय, तो तुमच्यापुढं टाकतो.

लावणीच्या दिवसांत आईला लेप्टो झाला. उंदराचं मूत मिसळलेलं पाणी आणि पायाच्या भेगा, एवढं पुरतं. आमच्या या किनारपट्टीवर चिखलात उभं राहणाऱ्यांचाच हा रोग. एका सरकारी दवाखान्यात ठेवली. रात्रपाळीला एकच सिस्टर. दीडच्या सुमाराला आईला अंथरुणातच झाली. आणि मी काय केलं? खिशात कवितेची वही, तोंडात बाबासाहेब, आणि मी व्हरांड्यात ओरडत सुटलो, ‘मावशी, ओ मावशी, हे उचला!’

मावशी जागेवर नव्हती. सिस्टरच आली. आईला कुशीवर वळवलं, पुसलं, चादर बदलली. ‘लाजू नको गं आये,’ म्हणाली. मी तेवढ्यात तिच्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचत होतो. हा रोग मलाही आहे, कबूल.

शुश्रूषा हा शब्द आपण किती गोड बोलतो! मनूनं शूद्राला जे एकच कर्म नेमून दिलं, त्याला हाच शब्द आहे. तीन वर्णांची शुश्रूषा, तीही कुरकुर न करता. ते पुस्तक २५ डिसेंबर १९२७ला आमच्याच जिल्ह्यात, महाडला जळालं. त्याआधी मार्चमध्ये तिथंच ठराव झाला होता की सवर्णांनी आपली मेलेली ढोरं आपणच पुरावीत. ‘नाही’ म्हणता आलं तिथून आपण माणसांत आलो.

पण सगळेच नाही म्हणाले तर आईला धुणार कोण?

विनयपिटकात एक आजारी भिक्खू आहे. हगवणीनं आपल्याच घाणीत पडलेला. बाकीचे भिक्खू बघत नाहीत, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नाही. बुद्ध पाणी ओततो, आनंद धुतो, दोघं मिळून त्याला उचलून निजवतात. काम तेच, जे आपल्या माथी मारलं होतं. पण बुद्धावर ते जन्मानं लादलेलं नव्हतं. नाही म्हणायची मोकळीक असून तो वाकला. माझ्या पणज्याला ती मोकळीक नव्हती.

आणि सिस्टरला? मे २०२२मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा टपरीवर लोक म्हणत, सेवेच्या बायांनी कसला संप? इंडियन नर्सिंग कौन्सिलचा हिशेब साध्या रुग्णालयाला पाच रुग्णांमागं एक परिचारिका असा आहे. त्या रात्री मी वॉर्डातली डोकी मोजली. एकतीस. एकतीस जणांत एक बाई सोडायची आणि वर तिच्याकडं माया मागायची, ही वेठच झाली. तिनं हात थांबवला तर रोग्याचे हाल होतात, हे खरंच. पण तो थांबवायचा हक्कच काढून घेतला तर तिच्या मायेचं पुन्हा मनूचं कर्म होतं. मी त्या संपाच्या बाजूनं आहे. आईला विचारलं असतं तर तीही असती, असं वाटतं.

मावशीचं मात्र अजून राहिलंच. घाण उचलणारी बाई अख्ख्या दवाखान्याची मावशी असते, नाव कोणाला ठाऊक नसतं. मी पाहिल्या त्या बहुतेक कुठल्या ना कुठल्या बौद्धवाडीतल्याच.

दुसऱ्या रात्री आईला पुन्हा झाली. मावशी होती. मी तिला फक्त बादली कुठं असते ते विचारलं, आणि नाव विचारलं. तिनं आधी माझ्याकडं नीट बघितलं, मग सांगितलं. हातमोजे मागितले तर म्हणाली, ‘एकच जोडी हाय बाला, तूच घाल.’