हुद्दा आणि असामी

आमच्या मागील अंगणात, नळाच्या ओट्यालगत, जेथे भांड्यांचे पाणी झिरपत राहिल्याने वडनेरची काळी माती ऐन वैशाखातही भेगाळत नाही, तेथे गेल्या दोन पावसाळ्यांपासून एका भुईसरपट वनस्पतीने मुक्काम ठोकला आहे. तिला लावले कोणीच नाही. हिंगणघाटहून आणलेल्या मोगऱ्याच्या कुंडीतील मातीबरोबर ती आली असावी आणि कुंडीच्या बुडाच्या भोकातून रीतसर परवानगी न घेता उतरली असावी, असा माझा तर्क आहे. पाने नखाएवढी, वाटोळी, जमिनीला बिलगलेली; दोऱ्यासारख्या खोडाला पेरापेरापाशी मुळे फुटलेली, त्यामुळे एक टोक उपटावे तो दुसरे चार जागी घट्ट; आणि प्रत्येक पानाच्या बगलेत ज्वारीच्या लाहीएवढे एक पांढरे शुभ्र फूल, जे सकाळी चहाच्या वेळी उमलते आणि ऊन डोक्यावर येण्यापूर्वी आपले दप्तर आवरते.

या वेलीवाचून माझे अडत नव्हते आणि तिच्या नावावाचून तर नाहीच नाही. परंतु कृषी खात्यातून निवृत्त झालेले माझे एक स्नेही एका सकाळी आले, चहाचा पेला हातात धरूनच त्यांनी ओट्याची पाहणी केली आणि विचारले, "हे कशाचं?" मी म्हटले, ठाऊक नाही. आयुष्यभर तक्त्यांवर सह्या केलेल्या माणसाच्या निःशंकपणाने ते म्हणाले, "मग तण समजा. ज्याचं नाव ठाऊक नाही ते तणच. उपटून टाका." एवढे बोलून ते कापसाच्या भावाकडे वळले, मी मात्र दातांत अडकलेल्या सुपारीच्या कणाप्रमाणे ते वाक्य चार दिवस जिभेने चाचपीत राहिलो.

नावात काय आहे, हा प्रश्न इतक्या जणांनी इतक्या वेळा विचारून झाला आहे की त्याची पुन्हा उजळणी करून मी वाचकांचा छळ करणार नाही. माझे त्या वेळचे मत एवढेच होते, की परिचय ही एक वस्तू आहे आणि नाव ही दुसरी, आणि पहिली असताना दुसरीचा आग्रह धरणे हा निव्वळ कारकुनी स्वभाव होय. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर जमिनीचा जो तुकडा लागवडीस अयोग्य तो पोटखराब म्हणून मांडावा लागतो, त्यावर सावली किती गार पडते याची नोंद करण्यास रकाना नसतो. माझ्या स्नेह्यांची बुद्धीही तशीच रकान्यांची आहे, असे मी मनाशी ठरवून टाकले आणि त्यांना खोटे पाडण्याच्या ईर्ष्येने, गंमत अशी की, त्यांच्याच मार्गाने चालू लागलो. म्हणजे नाव विचारीत सुटलो.

पहिली साक्ष आमच्याकडे निंदणाला येणाऱ्या बाईंची. कुंजरू, केना, तरोटा, लव्हाळा, दुधी, हराळी ही सारी मंडळी त्यांना पाठीमागून पाहूनही ओळखू येतात, आणि धुऱ्यावरची चिवळ भाजीसाठी वेगळी काढून ओट्यात घेताना त्यांचा हात कधी चुकल्याचे मला आठवत नाही. त्यांनी वेलीकडे क्षणभर पाहिले आणि निकाल दिला, "थे का कामाचं हाय जी? ना बकरी खाय, ना माणूस. मंग त्याले नाव कायले ठेवा लागते?"

हे उत्तर मी अज्ञानाच्या सदरात घातले, ही माझी पहिली चूक. दुसरी साक्ष शेजारच्या आजींची. त्यांनी फूल पाहताच दोन्ही हात जोडले आणि सांगितले, की ही तर शंखपुष्पी, बुद्धिवर्धक, आणि नातू यंदा दहावीला असल्याने उद्यापासून मूठभर दुधात वाटून त्याला देईन म्हणते. तिसरी साक्ष पुतण्याच्या मोबाईलची. त्याने तीन छायाचित्रे घेतली आणि त्या यंत्राने तिन्ही वेळा निराळी नावे, तीही सारख्याच आत्मविश्वासाने, सांगितली. तेव्हा माझ्या निवृत्त स्नेह्यांविषयी मला प्रथमच थोडी आपुलकी वाटली.

आजींच्या शंखपुष्पीने मात्र मला खरोखर विचारात पाडले. शंखपुष्पी कोणती, या प्रश्नावर वैद्यमंडळींत जुना आणि रंगतदार वाद आहे. उत्तरेकडे माळावर पसरणारी, फिकट फुलांची, कॉन्व्हॉल्व्ह्युलस कुळीची एक वनस्पती शंखपुष्पी म्हणून चालते. कोठे निळ्या इवल्या फुलांच्या विष्णुक्रांतेलाच तो मान मिळतो. केरळात आपला गोकर्ण शंखपुष्पी म्हणून घेतला जातो. आणि बंगालमध्ये या तिघांशी काडीचे नाते नसलेली, कॅन्स्कोरा नावाची चौथीच वनस्पती त्या गादीवर बसलेली आहे. ब्राह्मीचेही तेच: ओढ्याकाठची जाड पानांची नीरब्राह्मी एकाची ब्राह्मी, तर वाटोळ्या पानांची मंडूकपर्णी दुसऱ्याची. पुनर्नवा म्हणून आमच्याकडची घेटुळी घ्यावी की विषखापरा, यावरही मतभेद आहेतच.

या गोंधळावर शास्त्रज्ञ हसतात, परंतु मला त्यात एक व्यवस्था दिसते. शंखपुष्पी हे नाव नव्हेच. तो हुद्दा आहे. तहसीलदार हे जसे कोणा माणसाचे नाव नसून ज्या तालुक्यात जो नेमला गेला तो तेथला तहसीलदार, तशी प्रत्येक प्रांताने उपलब्ध उमेदवारांतून आपापली शंखपुष्पी नेमली आहे. हुद्दा वेगळा आणि असामी वेगळी. लोकांच्या तोंडची वनस्पतींची नावे पुष्कळ वेळा या हुद्द्यांच्या जातीची असतात. ती वनस्पती कोण आहे हे सांगत नाहीत, तिचा आपल्याशी व्यवहार काय ते सांगतात. रस्त्याच्या कडेला वाढणाऱ्या त्या लांब दांड्याच्या फुलाला जखमेवर पाला चोळणारा जखमजोडी म्हणतो, नुसता पाहणारा एकदांडी म्हणतो. ती मुळात अमेरिकेच्या उष्ण भागातली, म्हणजे परकी. तरी सेवेच्या जोरावर तिने दोन-तीन मराठी नावे मिळविली. गाजरगवतही परकेच, १९५५च्या सुमारास पुण्याकडे ते प्रथम नजरेस आले, आणि उपद्रवाच्या जोरावर त्याने काँग्रेस गवत हे दुसरे नावही कमावले. उपयोग किंवा उपद्रव, यांपैकी एक दाखला हजर केल्याशिवाय लोकभाषेच्या दप्तरात नोंद होत नाही. निंदणाच्या बाईंनी दोन वाक्यांत जे सांगितले ते हेच होते. मला ते समजण्यास दोन आठवडे लागले.

येथे मी स्नेह्यांना गाठले आणि विजयी मुद्रेने म्हटले, की तुमचे 'तण' हेदेखील वनस्पतीचे नाव नसून हुद्दा आहे. कपाशीत उगवलेली तूर, ती नको असेल त्या दिवशी, तणच. तेव्हा ओळख नसलेल्यास तुम्ही थेट या हुद्द्यावर नेमता तो कोणत्या अधिकाराने? त्यांनी शांतपणे विचारले, "ते राहू द्या. आजीबाई उद्या दुधात काय वाटणार आहेत, ते सांगता का?"

याचे उत्तर मजजवळ नव्हते. माझ्या हुद्द्याच्या उपपत्तीप्रमाणे आजींनाही नेमणुकीचा अधिकार होताच की! परंतु नातवाच्या पोटात जाते ती असामी, हुद्दा नव्हे. त्या संध्याकाळी मी आजींकडे जाऊन चार दिवसांची मुदत मागून घेतली.

आता थोडे विषयांतर करतो. ते टाळणे माझ्या स्वभावात नाही. लॅटिन नावांविषयी आम्हा मराठी माणसांच्या मनात एक अढी असते, की ही साहेबाने लादलेली परिभाषा. ती काही अंशी साहेबाच्या सरहद्दींनी आखली गेली हे खरे; थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या हद्दीत आमचा जिल्हा नव्हता, कारण वर्धा तेव्हा मध्यप्रांतात. परंतु मूळ इतके सरळ नाही. कोचीच्या डच अंमलदाराने, हेन्ड्रिक व्हॅन ऱ्हीडने, मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा जो ग्रंथ सिद्ध करविला आणि जो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला, त्याचे ज्ञान पुरविले ते इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याने आणि रंगभट, विनायक पंडित व आपू भट या तीन कोंकणी ब्राह्मणांनी. त्या तिघांचे कोंकणी भाषेतील, नागरी लिपीतील प्रमाणपत्र पहिल्याच खंडात छापलेले आहे. शिवाजी महाराज हयात असताना हॉलंडच्या छापखान्यात आपली नागरी उमटत होती, या विचाराने मी एक पूर्ण दुपार काही न करता घालविली आहे. पुढे १७५३ साली लिनिअसने वनस्पतींना दोन पदांची नावे देणारा ग्रंथ काढला तेव्हा त्याने या मलबारी खंडांचा आधार घेतला. आपली विष्णुक्रांता त्यांत 'विष्णुक्लांदी' अशा मोडक्या उच्चाराने अवतरली आहे.

दोन पदांची नावे म्हटले की मला आमचे गाव आठवते. नाशिककडे वडनेर भैरव आहे, बुलढाण्याकडे वडनेर भोलजी, दर्यापूरकडे वडनेर गंगाई. आणि नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचे आमचे वडनेर मात्र नुसतेच वडनेर. वडाच्या सावलीचा हुद्दा सर्वांनाच मिळाला, पण इतर गावांनी देवाचे किंवा देवीचे दुसरे पद जोडून आपली असामी राखली. आम्ही राखली नाही, आणि त्याची किंमत मी टपालात मोजली आहे: माझ्या धाकट्या बहिणीची लग्नपत्रिका जिल्हा न लिहिल्याने दुसऱ्या एका वडनेरला जाऊन, लग्नानंतर अकराव्या दिवशी पाहुण्यांच्या हाती पडली. ज्याने ही गोष्ट भोगली आहे त्याने लिनिअसला हसू नये. मी मात्र हसत आलो होतो, आणि 'नावाची गरज काय' असे म्हणत या लेखाला बसलो होतो.

तेव्हा पुतण्याकडून भिंग मागविले. उंदीरकानी असेल, अशी एक शंका एका वयस्क गृहस्थांनी काढली होती, कारण पाने खरोखरच उंदराच्या कानांसारखी. परंतु उंदीरकानीचे फूल पिवळे, आमचे पांढरे, म्हणून ती बाद झाली. उरली शंखपुष्पी. सकाळी साडेसातला मी जमिनीवर पालथा पडून त्या लाहीएवढ्या फुलात डोकावलो. कॉन्व्हॉल्व्ह्युलस असेल तर फुलाच्या मध्यातून एकच किंजल निघून टोकाला दोन भाग व्हावयास हवे होते. येथे बुडापासून दोन किंजल होते आणि प्रत्येक पुन्हा दुभागलेला, अशी चार टोके. म्हणजे ती शंखपुष्पीच्या गादीवरील उत्तरेची असामी नव्हे. ती विष्णुक्रांतेच्या कुळीची, इव्हॉल्व्ह्युलस. आणि फूल निळे नसून पांढरे, पान वाटोळे, पेरांना मुळे, म्हणून इव्हॉल्व्ह्युलस नम्युलारियस. मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली, आता भारतात हिरवळीतून आणि कुंड्यांतून ठिकठिकाणी रुळलेली.

लॅटिनला मी रुक्ष समजत होतो, परंतु या नावात एक लहानसे आत्मचरित्रच निघाले. कॉन्व्हॉल्व्ह्युलस म्हणजे वेटोळे घालणारी. लिनिअसने आमच्या वेलीला आधी त्याच घरात ठेवले होते; पुढे १७६२ साली, ही मंडळी कशाला वेढा घालीत नाहीत, जमिनीवर सरळ पसरतात, हे ध्यानात घेऊन त्याने त्यांचा फेरफार केला आणि वेटोळे सोडणारी या अर्थाचे वेगळे नाव दिले. दुसरे पद छोट्या नाण्यावरून. वेटोळे सोडून अंगणभर चिल्लर पसरणारी, असा तिचा अर्थ मी आजींना समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, "म्हणजे शंखपुष्पी नव्हेच ना?" नव्हे, म्हटले. त्यांनी वाटी धुऊन पालथी घातली. माझ्या सर्व व्युत्पत्तीचा व्यवहारात झालेला उपयोग एवढाच, आणि तो मला पुरेसा वाटतो.

स्नेह्यांना मी नाव कागदावर लिहून दिले. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले, कागदाची घडी खिशात ठेवली आणि म्हणाले, "ठीक. आता रीतसर उपटता येईल." हा गृहस्थ सुधारण्यापलीकडचा आहे. तथापि त्यांच्या मूळ वाक्याचा पूर्वार्ध, म्हणजे नाव ठाऊक असावे हा, मी आता निमूटपणे मान्य केला आहे. उत्तरार्ध मान्य नाही. वेल मी उपटलेली नाही. ती ओटा ओलांडून वावराकडे निघाली तर निंदणाच्या बाईंना तिच्यासाठी एखादा खास शब्द काढावा लागेल, आणि तो ऐकायला मला आवडेल, जरी तो चारचौघांत उच्चारण्याजोगा नसला तरी.

तूर्त या वेलीला पूर्ण पत्ता आहे, पण मराठी हाक नाही. मी स्वतः एखादे गोंडस नाव पाडू शकलो असतो. परंतु जो ते वापरणार नाही त्याने नाव पाडणे मला गैर वाटते. हिंगणघाट, समुद्रपूर, वणी किंवा राळेगाव भागातील कोणा वाचकाच्या घरी हिला नाव असेल, किंवा निदान हिला नावे ठेवली जात असतील, तर त्यांनी ती एका पोस्टकार्डावर मला अवश्य कळवावी. पत्त्यात वडनेरपुढे तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा, एवढे लिहिण्यास मात्र विसरू नये.