मेजवानीचे दान आणि सेवेचे ऋण

उपवासकाळ आला की पूर्वी आपल्या घरांतून वडीलधारी माणसे एक साधा हिशेब सांगत असत. मटणाचा वार टाळला, एका वेळचे जेवण सोडले, तर त्यातून जो पैसा वाचतो तो आपला नव्हे, गरिबाचा. तो घरातच राहिला तर उपवास म्हणजे निव्वळ काटकसर झाली. त्या काळी दान पोटाला चिमटा घेऊन निघत असे, आणि देणाऱ्याला आपण काही दिले आहे हे भुकेमुळे तरी कळत असे.

आता दानाची दुसरी एक रीत रूढ होत आहे, ती जेवून दान करण्याची. उंची कागदावरची निमंत्रणपत्रिका येते. हिरवळीवर टेबले मांडलेली असतात, वाद्यवृंद असतो, चित्रांचा किंवा क्रिकेटपटूच्या बॅटचा लिलाव असतो, आणि दोन पदार्थांच्या मध्ये पडद्यावर युवकांच्या सेवाकार्याची चित्रफीत दाखविली जाते. जमलेला निधी पूरग्रस्तांसाठी, आदिवासी पाड्यांसाठी, स्वयंसेवकांच्या शिबिरांसाठी जातो. अशा संध्याकाळीला अलिबागइतकी सोयीची जागा मुंबईकरांना दुसरी कोणती मिळणार? गेटवेहून लाँचने तासाभरात मांडवा गाठता येते, आणि २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट सुरू झाल्याने गाडीही सोबत आणता येते. धक्क्यापासून पुढे रस्त्याच्या दुतर्फा बंगले आणि बागा आहेतच. अशा बागेत भरपेट जेवून दिलेल्या पैशाला दान म्हणावे काय, असा प्रश्न मनात येतो, आणि तो वाटतो तितका सोपा नाही.

सोपे उत्तर देणारे लगेच संत मदर तेरेसांचे उदाहरण देतील. १९७९ साली शांततेचे नोबेल पारितोषिक स्वीकारताना त्यांनी ओस्लोतील परंपरागत मेजवानी नाकारली, आणि तिचा खर्च गरिबांसाठी द्यावा असे सुचविले. मेजवानी रद्द झाली. येथे चर्चा संपावी असे वाटते. पण शुभवर्तमानच ती संपू देत नाही. बेथानीच्या घरी मरियेने प्रभूच्या चरणांवर मोलाचे सुगंधी तेल ओतले, तेव्हा हे तेल तीनशे दिनारांना विकून ते पैसे गोरगरिबांना का दिले नाहीत, असा अगदी व्यवहारी सवाल उठला. तो कोणी उठवला हे वाचकांना ठाऊक आहे. हिशेब चोख होता. विचारणाऱ्याचा हेतू मात्र चोख नव्हता. म्हणून एखाद्या समारंभातील फुले पाहून ताबडतोब त्यांची किंमत भाकरीत मोजू लागणाऱ्या माणसाबद्दल आम्ही थोडे सावध असतो. तो स्वतः किती देतो, हे आधी पाहावे.

तेव्हा प्रश्न थाटामाटाचा नाही. तो आधी पैशाच्या गरजेचा आहे. सेवा म्हणजे मनाची गोष्ट, तिला पैसा कशाला हवा, असे आपल्या प्रवचनांतून आणि शाळांच्या बक्षीस समारंभांतून फार वेळा बोलले गेले आहे. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर चढले. रेवदंडा, कोर्लई, मुरूड, पुढे श्रीवर्धनपर्यंत वाड्यांतून नारळी-पोफळी मोडून पडल्या, घरांवरची कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. वर करोनाची टाळेबंदी होती. ज्या वाडीवर घर चालत होते तिच्यात नवे रोप लावले तरी ते धरायला सहा-सात वर्षे जाणार, हे प्रत्येक बागायतदाराला माहीत होते. पण त्याआधी पडलेली झाडे उचलायला हवी होती. त्यासाठी नुसते हात पुरत नाहीत. पेट्रोलवर चालणारी करवत लागते, दोर लागतात, हातमोजे, गमबूट, ताडपत्री, टेम्पोचे भाडे लागते. गंजक्या पत्र्याने पाय कापला तर धनुर्वाताचे इंजेक्शन लागते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तेथे गाडीचा रस्ता नव्हता आणि यंत्रे वर नेता येत नव्हती. डोंगराची सवय असलेल्या तरुणांना पावसात पायी चढून जावे लागले. त्या तरुणांचे दोर आणि बूट कोणीतरी कधीतरी विकत घेतलेले असतात.

याहूनही एक मोठा खर्च आहे, आणि तो कोणत्याही पावतीवर येत नाही. तो म्हणजे बुडालेली मजुरी. कॉलेजात शिकणारा, घरी खाऊन-पिऊन सुखी असलेला मुलगा दहा दिवस मदतकार्याला जाऊ शकतो. आपल्या देशात २४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्यात विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास सेवा करावयाची असते. उत्तम योजना आहे. पण ती विद्यार्थ्यांसाठी आहे. जो मुलगा दहावीनंतर होडीवर गेला, गवंड्याच्या हाताखाली लागला किंवा रिक्षा चालवू लागला, त्याला दहा दिवस फुकट काम करणे म्हणजे घरच्या चुलीवर पाणी ओतणे. मग होते काय, की सेवा हीसुद्धा सुस्थितांची मिरास बनते. गरिबाच्या वाट्याला फक्त सेवा घेणे उरते. त्याच्या ठायी दातृत्व नाही असे कोणी म्हणू नये. शेजारच्या घरावरचा माड काढायला तोच आधी धावतो. फक्त दुसऱ्या दिवशी त्याला कामावर जावे लागते. युवकांच्या स्वयंसेवेसाठी पैसा जमविणे म्हणजे अशा मुलाला आणखी नऊ दिवस विकत घेऊन देणे होय. हे एकदा पटले की निधीसंकलनाच्या समारंभाला नाक मुरडणे आम्हांला जमत नाही.

महाराष्ट्राने या प्रश्नाचा विचार फार चांगल्या रीतीने एकदा केला आहे, आणि तोही नाटक करून. १९८०च्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, तनुजा यांच्यासारख्या नामवंत कलावंतांनी आचार्य अत्र्यांचे ‘लग्नाची बेडी’ हे विनोदी नाटक गावोगाव केले. मानधन कोणी घेतले नाही. त्या प्रयोगांच्या उत्पन्नातून ‘सामाजिक कृतज्ञता निधी’ उभा राहिला. डॉ. बाबा आढावांसारखे कार्यकर्ते त्यामागे होते. या निधीच्या व्याजातून, आपले आयुष्य सामाजिक कामाला वाहिलेल्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देण्याची योजना होती. रक्कम थोडकीच असे. डॉ. लागू निरीश्वरवादी होते आणि ते त्यांनी कधी लपविले नाही. परंतु दानधर्माविषयी आपण श्रद्धावंतांनी शिकावे असे काही त्या उपक्रमात होते, असे म्हणण्यास आम्हांला संकोच वाटत नाही.

काय होते ते? पहिली गोष्ट म्हणजे नाव. त्या निधीला कोणी साहाय्य निधी म्हटले नाही, दया निधी म्हटले नाही. कृतज्ञता हा शब्द निवडला. ज्याच्यावर ऋण आहे तो कृतज्ञ असतो. म्हणजे तिकीट काढणारा प्रेक्षक हा दाता नव्हता, ऋणको होता; आणि कुठे हमालांमध्ये, कुठे आदिवासींमध्ये राबणारा कार्यकर्ता हा याचक नव्हता, सावकार होता. त्याने समाजाच्या खात्यावर आधीच कष्ट जमा केले होते. दुसरी गोष्ट अशी, की प्रेक्षक नाटकाला येऊन पोट धरून हसला. त्याला रडविण्यासाठी रंगमंचावर कोणा दुःखिताला उभे करावे लागले नाही. आनंद आनंदाच्या जागी राहिला आणि देणे देण्याच्या जागी. ही गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. हिरवळीवरच्या मेजवानीत आम्हांला जे खुपते ते पक्वान्न नव्हेच. खुपते ती दोन पक्वान्नांमधली चित्रफीत. चिखलात उभ्या असलेल्या म्हातारीचा चेहरा पडद्यावर मोठा करून दाखवायचा, दिवे लागले की लिलाव पुकारायचा, आणि बोली वाढली की टाळ्या वाजवायच्या. त्या म्हातारीला कोणी विचारले होते काय?

आपल्या ख्रिस्तसभेच्या परंपरेतही याचे एक जुने उदाहरण आहे, आणि तेही तरुणांचेच. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम हा अवघ्या वीस वर्षांचा विद्यार्थी आपल्या मित्रांसह वादविवाद सभा चालवीत असे. तुमचा धर्म आज गरिबांसाठी काय करतो, असे विरोधकांनी विचारले. त्याला वादाने उत्तर न देता ही मुले गरिबांच्या घरी लाकूडफाटा घेऊन गेली. त्यातून उभी राहिलेली सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आपल्या अनेक धर्मग्रामांत आजही घरोघर जाते. तिच्या सभेत निधी जमविण्याची एक रीत आहे. सभेच्या शेवटी एक पिशवी फिरते; प्रत्येक जण तिच्यात मूठ घालतो; कोणी किती टाकले हे शेजाऱ्यालाही कळत नाही. आधी जो राबतो तोच गुपचूप देतो. ध्वनिक्षेपकावरून आकडे पुकारणाऱ्या लिलावाशेजारी ही पिशवी ठेवून पाहावी. पिशवीत रक्कम कमी जमते, यात शंका नाही. लिलावाचे समर्थक हेच म्हणतील, आणि कापलेल्या पायाला इंजेक्शन हवे असताना त्यांचे म्हणणे आम्ही झटकून टाकणार नाही.

पण अशा संध्याकाळी युवक कोठे असतात, हेही पाहिले पाहिजे. समारंभ त्यांच्या नावाने, आणि ते स्वतः पांढरा सदरा घालून दाराशी पाहुण्यांना गुलाब देत असतात, ट्रे फिरवीत असतात, शेवटी रांगेने व्यासपीठावर येऊन टाळ्या घेतात. पुढच्या रांगेत देणगीदार बसतात. हजारो रुपये देणाऱ्याला आयकरात सवलतीचे प्रमाणपत्र मिळते; दहा दिवस झाडे ओढणाऱ्याच्या श्रमाला अशी सवलत नाही, कारण श्रम पैशात दिलेले नसतात. कायद्याला दुसरे काही करता येणार नाही, हे आम्ही समजू शकतो. परंतु समारंभ काही कायद्याने बांधलेला नसतो. तो खुर्च्या हव्या तशा मांडू शकतो. मेजवानी दिलीस तर ज्यांना परतफेड करता येणार नाही अशांना बोलाव, असे प्रभूने सांगितले आहे. आपण मात्र ज्यांना जास्तीत जास्त देता येईल त्यांनाच बोलावतो, आणि ज्यांच्यासाठी बोलावतो त्यांना स्वयंपाकघराच्या दाराशी उभे करतो.

याकरिता आमची एक सूचना आहे. तिकिटावर रुपयांबरोबर एक तारीखही छापावी. पैसे तर द्यावेतच. शिवाय पावसाळ्याच्या तोंडावर एका रविवारी मिस्सानंतर देणगीदाराने त्या युवकांबरोबर एखाद्या वाडीत यावे, आणि त्या दिवशी त्याने युवकांच्या हाताखाली काम करावे. यावर आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. मुंबईचा शल्यविशारद कोर्लईच्या वाडीत येऊन खड्डे खणू लागला तर सकाळभरात दोन खड्डे खणील, तेही वाकडे. तेवढ्या वेळात त्याने एक शस्त्रक्रिया करून तिचे पैसे पाठविले असते तर दहा मजूर लावता आले असते. हिशेबाने हे खरे आहे, आणि ते खोडून काढण्यासाठी आमच्यापाशी दुसरा हिशेब नाही. रोपे कमी लागतील. मात्र त्या दिवशी यजमान वाडीचा मालक असेल. उन्हात वाकलेल्या त्या पाहुण्याला तो हाक मारील, माजघरातून स्टुल आणून पडवीत ठेवील, शहाळे फोडून हातात देईल. आणि त्या शहाळ्याचे पैसे कोणी पुढे केलेच, तर तो ते घेणार नाही.