दोन अमानती

माझी भाची बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गणिताची शिक्षिका व्हायचं, असं ठरवूनच तिनं प्रवेश घेतला होता. आता म्हणते, "मामू, मला मराठी शिकवायचंय. उर्दू शाळेतल्या मुलांना." तिचे अब्बा रिक्षा चालवतात. दोन वर्षांची फी त्यांनी पोटाला चिमटा काढून भरली. ते एवढंच म्हणाले, "गणिताला शिकवण्या मिळतात. मराठीला कोण विचारतो?"

प्रश्न पैशाचा वाटतो, पण तो अमानतीचा आहे. बी.एड.ला अध्यापनाचा विषय पदवीच्या विषयावरून ठरतो. म्हणजे वळायचं तर आताच. मग बापानं दिलेल्या दोन वर्षांचं काय?

मला वाटतं, शिक्षकाकडे दोन अमानती असतात. एक घरच्यांची, दुसरी वर्गातल्या मुलांची. मन नसलेला शिक्षक दुसरी अमानत तीस वर्षं बुडवत राहतो आणि त्याचा हिशेब कोणी मागत नाही. 2020 च्या कायद्यानं राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. पण सक्तीनं भाषेची गोडी लागत नाही. त्यासाठी घरात दखनी आणि गल्लीत मराठी बोलत वाढलेलं, मुलांची अडचण ओळखणारं माणूस लागतं.

म्हणून पहिली अमानत माफ होत नाही. मी तिला म्हणालो, "विषय बदल. पण अर्ज भरण्याआधी अब्बांशी बोल, नंतर नाही. वाया गेलेल्या वर्षांचा भार तू उचल. संध्याकाळी गणिताच्या शिकवण्या घे."

अब्बा अजून 'हो' म्हणालेले नाहीत. पण पहिल्या शिकवणीसाठी फळा त्यांनीच रिक्षातून आणून दिला.